ओंगोलच्या लेखावर सोलापूरकर काकांची कमेंट आणि माझं (जरा लांबलेलं) उत्तर

सोलापूरकर काका, नमस्कार. कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं यातलं अर्धं बरोबर आहे, म्हणून सावकाश लिहितोय. तुमचे मुद्दे थोडक्यात असे, की आंध्रातली ही ओंगोलची बॅप्टिस्ट मंडळी म्हणजे दुष्काळात भाकरीसाठी झालेले ख्रिस्ती, एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा ही मिशनची थाप, आणि मी एका अमेरिकन मिशनऱ्याची आरती ओवाळलीय.

शेवटचं आधी घेतो कारण ते मान्यच आहे. लेखात मी त्या अमेरिकन मिशनऱ्यावर, म्हणजे क्लफसाहेबावर पानंच्या पानं लिहिली, 1854 च्या एक जानेवारीला त्याच्या आधीचा मिशनरी ज्युएट ओंगोलच्या टेकडीवर चढून प्रार्थना करत होता त्यावर अख्खा पॅरा खर्च केला, आणि यर्रागुंटला पेरैया दोन ओळींत उरकला. खरी गोष्ट त्याच्यापासून सुरू व्हायला हवी होती. पेरैया मादिगा जातीचा, म्हणजे कातडं कमावणारा माणूस, त्याला ज्युएटनं 1866 मध्ये बाप्तिस्मा दिला तेव्हा क्लफ ओंगोलात राहायलासुद्धा आला नव्हता (तो आला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात). नातेवाइकांत, वाड्यावस्त्यांवर फिरून बोलायचं काम पेरैयानं आधीच चालू केलेलं होतं. 1 जानेवारी 1867 ला ओंगोलात मंडळी स्थापन झाली ती फक्त आठ माणसांची, आणि त्याच महिन्यात पेरैयाच्या तल्लकोंडपाडू गावाकडं क्लफ गेला तर चिंचेच्या बनात तीसचाळीस माणसं आलेली, सोबत चार दिवस पुरेल एवढी शिदोरी आणि बाप्तिस्म्यासाठी धुतलेले कपडे. त्यातल्या 28 जणांना बाप्तिस्मा मिळाला. आता काका, ही तारीख बघा. दुष्काळ 1876 चा. ही माणसं नऊ वर्षं आधीची, आणि शिदोरी स्वतःच्या घरची बांधून आलेली.

आता त्यांना काय मिळालं ते पण बघू. क्लफच्या अटी तीन, रविवारी काम नाही, मेलेल्या जनावराचं मांस नाही, मूर्तिपूजा नाही. आज ऐकायला साध्या वाटतात, पण मादिगाचं गावाशी नातं कशावर होतं? चपला शिवायच्या, मोटेचं कातडं करून द्यायचं, जत्रेत ढोल वाजवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्या बदल्यात सुगीला धान्य, थोडक्यात आपलं बलुतंच. (माझ्या आजोळी विहिरीवर मोटेची धाव अजून आहे, बैल पंचवीस वर्षांत त्यावरनं चालला नसेल, पण ती बघितली की कळतं, मोट फाटली तर त्या दिवशी अख्खं पीक तहानलेलं.) अशा माणसानं देवीच्या जत्रेत ढोल वाजवणार नाही म्हणायचं, वरनं रविवारी कामाला येणार नाही म्हणायचं, म्हणजे गावाशी सरळ वाकडंच. गावानं पण मग धान्य अडवलं, वाटा अडवल्या, मारहाण झाली. भाकरीसाठी गेले म्हणता, तर इथं असलेली भाकरी घालवून बसलेत की! आणि ओंगोलातल्या वरच्या जातींनी ‘यांना घेतलं तर आम्ही येणार नाही’ असं क्लफला स्पष्ट सांगितलेलं, शाळेतली पोरं काढून नेली.

दुष्काळाचं मात्र तुमचं पूर्ण खोडता येत नाही. दुष्काळी काम म्हणून सरकार बकिंगहॅम कालवा खणत होतं, क्लफनं त्याचं साडेतीन मैलांचं कंत्राट घेतलं, तरुणपणी अमेरिकेत जमीनमोजणीचं काम केलेलं त्यामुळं आकडेमोड जमत होती, आणि मुकादम नेमले ते आपलेच प्रचारक. दिवसभर माती उपसायची आणि दम खायला बसलं की मुकादमच येशूच्या गोष्टी सांगणार, हजारो लोकांच्या कानावर हे पहिल्यांदा असंच पडलं. ज्याच्या हातात मजुरी त्याच्याच तोंडी देव, हे मला पण खटकतं, पहिल्या लेखात मी हे नुसतं कौतुकानं लिहिलं होतं, चूक झाली.

पण त्याच क्लफनं दुष्काळात सव्वा वर्ष एकही बाप्तिस्मा दिला नाही, लोक मागत असताना. तुम्ही घेताय तीच शंका त्याला होती. कालव्याचं काम संपलं, मदतीचं वाटप आटोपत आलं, आता पैसे मिळणार नाहीत असं सांगून झालं, मग जून 1878 नंतर दार उघडलं. आता मदत संपली म्हणून लगेच माणसाची आशा संपते असं नाही, पुढच्या दुष्काळाला हा साहेब कामी येईल असा हिशोब कुणीच केला नसेल असं मी म्हणणार नाही. पण हिशोब करणाऱ्याला श्रद्धा नसते हे कुठनं आलं? आपण सत्यनारायण घालतो तेव्हा काय मागत नाही?

2,222 चं गणित. 3 जुलै 1878, ओंगोलजवळ वेलमपल्लीला गुंडलकम्मा नदी. बॅप्टिस्टांत पाणी शिंपडून भागत नाही, अख्खा माणूस बुडवावा लागतो, आणि तान्ह्या पोरांना घेत नाहीत. सहा प्रचारक, एका वेळी दोघं पाण्यात, दमले की पुढचे दोघं, काठावरनं यादीतली नावं पुकारायची, दुपारी मधे सुट्टी. नऊ तास धरले तर पाण्यातल्या एका जागेच्या वाट्याला 1,111, म्हणजे माणशी अर्धा मिनिट. घाईचं आहे, अशक्य नाही. आदल्या दिवशी 614, दुसऱ्या दिवशी 700, तीन दिवसांचे 3,536, आणि क्लफनं स्वतः त्यातल्या एकालाही बुडवलं नाही, सगळे देशी प्रचारकांच्या हातचे.

लेखात पेरैयाचा भाग या रविवारपर्यंत वाढवून टाकतो, मुकादमांचं पण घालतो. आणि काका, तुमच्या पणजोबांनी सोलापूरकडं त्याच दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली असं कमेंटच्या शेवटी जाताजाता लिहिलंय, त्यांना मजुरी धान्यात मिळायची का पैशात, घरात कुणाला आठवत असेल तर नक्की विचारून सांगा.