पाय, तळं आणि 'न दिसणारा' गुण

महोदय (की महोदया? नाव दिलेलं नाहीत),

रोगाला तोंड देणाऱ्या रोहूच्या पैदाशीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "लेखकाने तळ्यात कधी पाय बुडवलेला दिसत नाही. जो गुण दिसतच नाही त्याची निवड करणार कशी? नद्यांची नावंही चुकलीत. आणि असलं मत्स्यबी लहान शेतकऱ्याला परवडत नाही."

नद्यांचं मान्य. जयंती रोहूसाठी (निवड करून घडवलेली रोहूची सुधारित जात) गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा इथून मासे आणले होते. मी सतलजच्या जागी चंबळ लिहून बसलो. दुरुस्त केलंय. आभार.

पण पाय? भंडाऱ्याकडच्या मालगुजारी तलावावर मी सातवीपासून वडिलांबरोबर जाळं ओढलंय. पुढे नऊ वर्षं हॅचरीत माद्यांना इंजेक्शनं टोचून रात्री जागवल्यात. तळपायाला शिंपल्याने कापल्याचा व्रण आहे, फोटो टाकू का?

त्याच तलावात एका हिवाळ्यात रोहू मरायला लागला. खवल्यांखाली लाल चट्टे, पोट टम्म. एकाच खेपेचं बी, तोच कोंडा, तीच पेंड, वजनही उन्नीस-बीस. तरी काही उलटे तरंगत होते आणि काहींना सुखाने भूक लागत होती. आठवडाभर आधी तराजूत घालून यातला कोण तगणार ते तुम्ही सांगितलं असतंत? मी तरी नाही. रोग आला तेव्हा फरक दिसला. दडलेला म्हणतो तो हा, साहेब. नसलेला नव्हे.

निवड भावंडांवरून होते. एका जोडीची काही पिल्लं रोग आणणारा एरोमोनास जिवाणू टोचून तपासायची, बाकीची त्यापासून लांब ठेवायची. ज्या घराण्यातली जास्त वाचली, त्या घराण्यातली राखलेली पिल्लं पैदाशीला. भुवनेश्वरच्या 'सिफा'त (गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संशोधन संस्था) रोहूवर हे काम झालंय. नॉर्वे आणि स्कॉटलंडच्या सॅल्मनमध्ये तर आयपीएन या माशांच्या रोगाच्या विषाणूपुढे टिकण्यातला बहुतेक आनुवंशिक फरक गुणसूत्रावरच्या एकाच जागेशी निघाला. आता पराचा नखाएवढा तुकडा तपासला तरी कळतं, मासा आजारी पाडावा लागत नाही. मासा दिसायला मात्र शेजारच्यासारखाच. तुमच्या हिशेबात तो गुण नाहीच म्हणायचा का?

परवडण्याबद्दल लेखात लिहिलंय, शेवटून दुसरा परिच्छेद. तिथवर पोचला नसाल.

आणि हो, तुमचं तळं कुठलं ते लिहिलं नाहीत. मातीचं आहे, की कागद अंथरलेलं?