‘पोटच माप धरेल’ म्हणणाऱ्या संदेशाचा मुद्देसूद प्रतिवाद

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे तो निरनिराळ्या रुग्णांकडून इतक्यांदा आला आहे, की आता त्यातल्या वाक्यांचा क्रमही मला पाठ झाला आहे. त्याचा आशय असा: शस्त्रक्रियेनंतर पोटच माप धरते, म्हणून खाणे मोजण्याचे कारण उरत नाही, पातळ पदार्थ अंगी लागत नाहीत, ते हवे तेवढे घ्यावेत, जास्त झालेच तर उलटी होते, तो शरीराचा नैसर्गिक ब्रेक आहे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या केस गळायचे थांबेपर्यंत पुरेत, वर्षभराने सर्व काही पूर्वीसारखे खाता येते, आणि वजन पुन्हा वाढू लागले तर पोट ताणले गेले आहे असे समजून पाच दिवस निव्वळ पातळ आहारावर राहावे, म्हणजे ते आकसते.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. अर्धे आयुष्य पथ्यात घालवलेल्या माणसाला ‘आता मोजू नकोस’ हे ऐकून किती हायसे वाटते, ते मी रोज पाहते. मात्र या संदेशातले एक वाक्य अर्धे खरे आहे आणि उरलेली त्या अर्ध्या सत्याच्या आधाराने उभी आहेत, म्हणून ती एकेक करून तपासणे भाग आहे.

पहिल्या वाक्यातले खरे आधी मान्य करते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि साधारण 100 ते 150 मिलिलिटर मावेल एवढी नळी मागे ठेवतात; बायपासमध्ये जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात, आणि अन्नाच्या वाटेवर उरणारी ही जठराची पिशवी तर 30 मिलिलिटरच्या आसपासच असते. शिवाय बदल केवळ जागेचा नसतो. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक, ज्याचा शोध जपानी संशोधकांनी 1999 मध्ये लावला, ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर अन्न लहान आतड्यात लवकर पोहोचते आणि तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके जास्त प्रमाणात स्रवतात. पहिले काही महिने अनेकांना भूक अशी लागतच नाही, ती यामुळे.

तरीही ‘पोट माप धरते’ या विधानात एक प्रश्न दडपलेला आहे: पोट कशाचे माप धरते? ते आकारमानाचे आणि ताणाचे माप धरते, उष्मांकांचे नाही आणि प्रथिनांचे तर अजिबात नाही. बटाट्याचे तळलेले वेफर तोंडातच विरघळून त्यांचा लगदा होतो. 30 ग्रॅम वेफरमध्ये सुमारे 160 कॅलरी असतात आणि त्या चिमुकल्या जठरातून काहीही न जाणवता खाली उतरतात. याउलट तितक्याच वजनाचा मांसाचा तुकडा नीट चावला नाही तर घशाखाली अडकून बसतो. म्हणजे पोटाला जे अवघड वाटते ते बहुधा उपयोगाचे असते आणि जे सोपे वाटते ते बहुधा बिनकामाचे. निवड पोटावर सोपवली तर ते सोप्याकडेच झुकणार.

दुसरी अडचण वेळेची आहे. एकदा एका बाईंना मी सातव्या आठवड्यात माझ्यासमोर बसून जेवायला सांगितले होते. मऊ शिजवलेले अंडे, लहान चमचा आणि टेबलावर घड्याळ, एवढेच साहित्य होते. पहिले चार चमचे तीन मिनिटांत संपले. सहाव्या चमच्याला त्यांनी रुमालाने नाक पुसले आणि सर्दी झाल्यासारखे वाटते आहे, असे म्हणाल्या. सातव्याला एक उचकी आली. त्यांनी बशीकडे पाहिले, ‘एवढंसं तर उरलंय, टाकायचं कशाला’ म्हणत आठवा चमचा तोंडात घातला, आणि मग छातीच्या मधोमध हात धरून त्या गप्प झाल्या. तोंडात लाळ दाटून आली होती. अचानक नाक वाहणे, शिंक किंवा उचकी येणे ही या शस्त्रक्रियेनंतर अनेकांच्या बाबतीत पोट भरल्याची खूण असते. त्यांच्या पोटाने दोनदा सांगून पाहिले होते. बशी रिकामी करून उठण्याची सवय जठराच्या कापून काढलेल्या भागात राहत नव्हती, त्यामुळे ती शस्त्रक्रियेतून सहीसलामत सुटली होती.

मोजणे म्हणजे जन्मभर तराजू घेऊन बसणे, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. तो धाक घालणाऱ्यांनीच या संदेशाला वाचक मिळवून दिले आहेत. पहिल्या काही महिन्यांत एका वेळी 60 ते 120 मिलिलिटर एवढेच अन्न आधी वेगळे वाढून घ्यावे, घास वाटाण्याएवढा घ्यावा, प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवावा आणि जेवणाला 20 ते 30 मिनिटे द्यावीत. प्रथिने आधी खावीत, बाकीचे नंतर. या क्रमामागचा हिशेब साधा आहे. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने लागतात आणि एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. दहा अंडी खाणे या पोटाला शक्य नाही, म्हणून अंडी, मासे, मांस, डाळी, दूध यांची दिवसभरात विभागणी करावी लागते आणि सुरुवातीला बहुतेकांना प्रथिनांच्या पावडरीची जोडही लागते. भात किंवा पाव आधी खाल्ला, तर प्रथिनांसाठी जागाच उरत नाही.

पातळ पदार्थांविषयीचे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, आणि ते खोटे ठरवायला या शस्त्रक्रियेचा स्वतःचा इतिहास पुरेसा आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. पुढे 1980 मध्ये त्यांनीच आतड्याला हात न लावणारी एक सोपी पद्धत काढली: जठराच्या वरच्या भागात टाक्यांनी लहानशी पिशवी करायची आणि तिच्या तोंडाशी सुमारे 5 सेंटीमीटर घेराची पट्टी बसवायची, म्हणजे तोंड रुंदावणार नाही. कागदावर ही रचना निर्दोष होती, कारण पोटाने माप धरावे यासाठीच ती केलेली होती. प्रत्यक्षात काय झाले, तर घट्ट अन्न त्या अरुंद तोंडाशी अडकू लागले, अडकले की उलटी होऊ लागली, आणि पुष्कळ रुग्ण नकळत आइस्क्रीम, मिल्कशेक, गोड पेये अशा सहज उतरणाऱ्या पदार्थांकडे वळले. पिशवी जशीच्या तशी राहूनही वजन वाढत गेले. स्वीडनमध्ये 1987 पासून सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 25 टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनी ती घट 16 टक्क्यांवर आली. बायपासचे आकडे त्याच क्रमाने 32 आणि 25 होते. ती पद्धत आता जवळजवळ कोणी करत नाही. ‘पातळ हवे तेवढे’ या सल्ल्याचा प्रयोग, थोडक्यात, होऊन गेलेला आहे.

बायपास झालेल्यांना गोड पातळाचा आणखी एक हिसका बसतो. दाट साखरेचे द्रव एकदम लहान आतड्यात उतरले की ते आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांतील पाणी आतड्यात ओढून घेते. अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब सुरू होतात. काहींच्या बाबतीत एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. याला डम्पिंग म्हणतात. पाण्याची गोष्ट अर्थातच वेगळी: ते दिवसाला दीड लिटर तरी पोटात जायला हवे, पण घोटाघोटाने आणि जेवणानंतर अर्धा तास थांबून, कारण एवढ्याशा जागेत अन्न आणि पाणी एकाच वेळी सुखाने मावत नाहीत.

उलटीला ब्रेक म्हणणे ऐकायला चटकदार आहे, परंतु हा ब्रेक लागतो तेव्हा गाडी आधीच आदळलेली असते. घाईत घेतलेला घास अडकून क्वचित कधी उलटी झाली तर घाबरण्याचे कारण नाही. चूक कुठे झाली ते पाहावे, एवढेच. उलट्या वारंवार होऊ लागल्या तर मात्र कारण शोधावेच लागते, कारण जोडणीचा भाग आकसून अरुंद झाल्यामुळेही असे होते. त्याहून गंभीर भाग थायमिनचा, म्हणजे जीवनसत्त्व ब-1 चा आहे. शरीरातला त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणे आधीच कमी, त्यात उलट्या, असे चालू राहिले तर दृष्टीला दोन दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसू लागतात आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूची हानी कायमची राहू शकते. अशा रुग्णाला थायमिन न देता आधी ग्लुकोजचे सलाइन लावले तर धोका वाढतो. म्हणून कोणत्याही रुग्णालयात गेल्यावर आपली शस्त्रक्रिया झालेली आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे. दोन-तीन दिवस सलग उलट्या होत असतील तर ‘ब्रेक’ सुटण्याची वाट पाहू नये.

गोळ्यांचा आणि केसांचा संबंध या संदेशाने कुठून जोडला, ते कळणे कठीण नाही. झपाट्याने वजन उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि पुढे बहुधा आपोआप थांबतात. ब-12 चे वेळापत्रक निराळे आहे: त्याचा साठा यकृतात काही वर्षे पुरतो, म्हणून गोळ्या बंद केलेल्या माणसाला बराच काळ काहीच जाणवत नाही आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा तो शस्त्रक्रियेचे नावही काढत नाही. ब-12, लोह, ड जीवनसत्त्व आणि दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम ही आयुष्यभराची बाब आहे. कॅल्शियम विभागून घ्यावे आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास तरी लांब ठेवावे.

‘वर्षभराने सर्व काही पूर्वीसारखे’ यात निरीक्षण बरोबर आणि निष्कर्ष चुकीचा आहे. सूज उतरते, जठर थोडे सैलावते आणि वर्षाअखेरीस माणूस पहिल्या महिन्यांच्या कितीतरी पट खाऊ शकतो. हे अपेक्षितच असते, त्यात शस्त्रक्रिया फसली असे काही नाही. पण याच सुमारास भूकही परत येऊ लागते, आणि हलके झालेले शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करते. बहुतेकांचे वजन 12 ते 18 महिन्यांच्या दरम्यान सर्वांत खाली असते. संदेश मोजणे सोडायला सांगतो ते नेमके याच वळणावर.

राहता राहिला पाच दिवसांचा उपाय. पाच दिवस पातळावर राहिल्याने जठराचा आकार बदलत नाही. काट्यावर दोन-तीन किलो कमी दिसतात ते मुख्यतः पाण्याचे असतात: कर्बोदके बंद झाली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन संपते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत बांधलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही जाते. सहाव्या दिवशी जेवण सुरू झाले की ते परत येते. काही बायपास रुग्णांत जठर आणि आतडे यांच्यातले तोंड खरोखर रुंदावते आणि त्याचा वजनवाढीशी संबंध असतो. परंतु ते दुर्बिणीने पाहून ठरवायचे असते आणि गरज पडल्यास दुर्बिणीतूनच टाके घालून ते अरुंद करता येते.

शस्त्रक्रियेला तीन वर्षे झालेले एक गृहस्थ असे पाच दिवस चार वेळा करून माझ्याकडे आले होते. मी त्यांना उपदेश केला नाही. वजन परत वाढणाऱ्याला आळशी समजण्याची जी पद्धत आहे, तिचा मला तिटकारा आहे. फक्त आठवडाभर जे तोंडात जाईल ते वेळेसह लिहून आणायला सांगितले. त्यांच्या वहीत एकही जेवण मोठे नव्हते. सकाळी साडेसातला दुधाची गोड कॉफी, साडेआठला दोन बिस्किटे, दहाला पुन्हा कॉफी, अकराला मूठभर शेंगदाणे, अशा सोमवारच्या पानावर एकोणीस नोंदी होत्या आणि कुठल्याच नोंदीसमोर ‘पोट भरले’ असे लिहिलेले नव्हते. पोट ताणले आहे का, हे दुर्बिणीने पाहून घ्या असा त्यांचा आग्रह होता. पाहायला हरकत नाही, असे मी म्हटले. पण त्याआधी त्या एकोणीस नोंदींपैकी ज्यांत प्रथिने होती त्यांच्याभोवती आम्ही पेन्सिलीने गोल केले, आणि ते तीनच निघाले.