मार्थाला प्रेमकथेची गरज नव्हती

'अटलांटिक क्रॉसिंग' बघून संपवली. नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक वाहिनीची 2020 मधली आठ भागांची मालिका, पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळवलेली. नॉर्वेची युवराज्ञी मार्था झालेली सोफिया हेलीन अप्रतिम. मालिकेवर मात्र माझा राग आहे, तो इथे काढते.

आधी खरं काय घडलं ते. 9 एप्रिल 1940 ला जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या. ऑस्लोच्या तोंडाशी ऑस्कार्सबोर्ग किल्ल्यावरच्या जुनाट तोफांनी आणि टॉर्पेडोंनी 'ब्ल्यूखर' ही नवीकोरी जर्मन युद्धनौका बुडवली, म्हणून राजा, सरकार आणि संसदेला निसटायला काही तास मिळाले. दुसऱ्या दिवशी जर्मन राजदूताने राजा हाकोनला सांगितलं, नाझींच्या बाजूच्या क्विस्लिंगला पंतप्रधान कर. राजाने मंत्र्यांना सांगितलं की निर्णय तुमचा. पण हे मान्य करायचं असेल तर मी गादी सोडतो. (हे लिहिताना अजूनही अंगावर काटा येतो.) जूनमध्ये राजा आणि युवराज ओलाव, म्हणजे मार्थाचा नवरा, लंडनला गेले. मार्था तीन मुलांना घेऊन एप्रिलमध्येच माहेरी, स्वीडनला गेली होती. तिथला राजा तिचा सख्खा चुलता, पण देश तटस्थ, आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलाला, हाराल्डला, जर्मनांच्या छत्राखाली नॉर्वेच्या गादीवर बसवायच्या गोष्टी सुरू झालेल्या. माहेरसुद्धा धोक्याचं झाल्यावर ऑगस्टमध्ये ती फिनलंडच्या पेट्सामो बंदरातून अमेरिकेच्या अध्यक्षांनी, रूझवेल्टनी, पाठवलेल्या जहाजाने अमेरिकेला निघाली.

एवढं नाट्य हाताशी असताना मालिका काय करते? व्हाइट हाऊसमधले जेवणाचे प्रसंग आणि रूझवेल्टची तिच्यावर खिळलेली नजर! तो तिच्यात गुंतलेला, म्हणून नॉर्वेला मदत. मित्रराष्ट्रांना शस्त्रं उसनी द्यायच्या लेंड-लीज योजनेमागेही मार्थाच असल्यासारखं दाखवलंय. नॉर्वेतल्या इतिहासकारांनी यावर भरपूर झोड उठवली होती. बचाव एकच, मालिका 'सत्य घटनांवरून प्रेरित' आहे. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिका बघणाऱ्यांना ही पाटी पाठ आहे.

दोघांची मैत्री होतीच, ती कोणी नाकारत नाही. पण बाईने राजकारणात काही केलं की त्यामागे कुणा पुरुषाचं पाघळणं दाखवायलाच हवं का? मार्थाने अमेरिकेत भाषणं केली, नॉर्वेसाठी निधी गोळा केला, परक्या देशात मुलं वाढवली आणि हे सगळं नवरा समुद्रापार असताना.

शिवाय नॉर्वेला वजन होतं ते जहाजांमुळे. सुमारे हजार व्यापारी जहाजं हद्दपार सरकारच्या ताब्यात होती. ब्रिटनला तेल पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यावरचे तीन हजारांहून अधिक खलाशी परतले नाहीत. मालिकेत हे येतं, पण मेजवानीच्या मधल्या वेळेत.

तरी बघाच, असं म्हणेन. पळापळीचे सुरुवातीचे भाग नीट बसून बघा. व्हाइट हाऊसमधली जेवणं सुरू झाली की खुशाल पुढे ढकला. आणि कुणी बघितली असेल तर सांगा, रूझवेल्टचा एवढा पुळका तुम्हाला तरी पटला का?