'चाळीसगावात बसून' या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर वेगळ्या भाषेत गेलं असतं म्हणून सकाळवर ढकललं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनावर काम करताना बाहेरचे (कंपनीचे नसलेले) रॉकर, म्हणजे शाफ्टवर डुलून कॅमचा धक्का वॉल्व्हला देणारे छोटे हात, कसे निवडायचे ते लिहिलं होतं, आणि रोज रस्त्यावर आणि घाटात चालणाऱ्या गाडीला स्टीलचे, ब्राँझ बुशवालेच रॉकर घ्या, अ‍ॅल्युमिनियम रोलरच्या नादी लागू नका असं म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: "चाळीसगावात बसून जगाला रॉकर शिकवू नका. सगळे रेसवाले अ‍ॅल्युमिनियम वापरतात, हलकं ते चांगलं, साधं फिजिक्स आहे. १.५५ रेशो टाका, पॉवर मिळते. डायनो शीट नाही, आकडे इंचात, फोटो अंधारात. अभ्यास वाढवा." (रेशो म्हणजे कॅम जेवढं उचलतो त्याच्या किती पट रॉकर वॉल्व्ह उघडतो ते, आणि डायनो शीट म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा कागद.)

आकडे इंचात होते हे मान्य, इथून पुढे मिलिमीटरमध्ये देईन. फोटोचं बघतो.

आता 'चाळीसगावात बसून'. हे दोन-तीन शब्दांचे टोमणे मारायला काय लागतं हो? मतभेद असू द्या, माझं चुकत असेल तर चूक दाखवा, पण गावाचं नाव काढायचं काय कारण? चाळीसगाव कन्नड घाटाच्या पायथ्याशी आहे. वडलांचं गॅरेज धुळे रोडला होतं, तेव्हा औरंगाबादला जाणाऱ्या सगळ्या अ‍ॅम्बेसेडर टॅक्स्या, वर कॅरियरवर सामान, आत नऊ-दहा माणसं, आमच्या दारावरून घाटाला लागायच्या आणि त्यातल्या बऱ्याच संध्याकाळी टॅपेट वाजवत परत आमच्याच दारात यायच्या. मी शाळेतून आलो की दप्तर टाकून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) हातात. वडील इंजिन हाताने फिरवायचे, मी पाती सरकवायचो, आणि पाती किती अडकते ते बोटाला कळायला लागेपर्यंत लॉकनटला पाना लावू द्यायचे नाहीत. "पहिले माप घे, मंग बोल," एवढंच म्हणायचे. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत सेकंड गिअरमध्ये तो घाट चढताना तेलाचं काय होतं आणि रॉकर कव्हरखाली काय चाललेलं असतं, हे मला शहरातल्या एसी वर्कशॉपमध्ये बसून कळलं नसतं. त्यामुळे हो, चाळीसगावात बसूनच लिहितो आणि पुढेही लिहिणार.

दुसरं वाक्य, 'हलकं ते चांगलं, साधं फिजिक्स'. फिजिक्सचं नाव तुम्हीच घेतलंय तर पूर्ण घेऊ. रॉकर सरळ रेषेत वरखाली होत नाही, तो शाफ्टभोवती डुलतो. अशा पार्टचं काट्यावरचं वजन एवढं महत्त्वाचं नसतं, ते वजन शाफ्टपासून किती लांब आहे ते महत्त्वाचं, आणि अंतराचा परिणाम वर्गात वाढतो. भरलेलं घमेलं छातीजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा, फरक लगेच कळेल. शाफ्टजवळचं वजन कमी केलं तर इंजिनाला फारसा फरक पडत नाही, वॉल्व्हच्या टोकाकडे ते वाढलं तर पडतो. आता अ‍ॅल्युमिनियमचा कडकपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून तेवढाच ताठ रॉकर करायचा तर तो जाडजूड करावा लागतो, आणि वर त्या टोकालाच स्टीलचा रोलर आणि त्याची पिन बसवायची. म्हणजे काट्यावर हलका आणि नेमका टोकाला जड असा रॉकर मिळू शकतो. प्रत्येक सेटमध्ये असंच असतं असं मी म्हणत नाही, पण 'हलकं ते चांगलं' म्हणून विषय संपवणाऱ्याने टोकाचं माप घेतलेलं नाही एवढं नक्की.

आणि त्याहून मोठी गोष्ट तुम्ही बोललाच नाहीत, धातूचा थकवा. स्टीलवरचा ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कायम टिकतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, ताण कमी असला तरी फेऱ्या मोजल्या जात असतात आणि एक दिवस ते तुटतं. रेसवाले अ‍ॅल्युमिनियम वापरतात, बरोबर आहे, कारण ते इंजिन सारखं उघडतात, रॉकर तपासतात आणि ठरलेल्या वेळी बदलतात. तुम्ही अ‍ॅम्बेसेडरचं रॉकर कव्हर वर्षातून किती वेळा काढता? बाहेरच्या एका माणसाने असा सेट बसवलेली गाडी घाटातून टो करून आमच्याकडे आणली होती. एक सिलिंडर बंद, पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी) सुटून बाजूला पडलेला, रॉकर अ‍ॅडजस्टिंग स्क्रूच्या आट्यांपाशी तुटलेला. तुटलेला भाग उन्हात धरून बघितला तर अर्धी बाजू काळपट, गुळगुळीत, आणि अर्धी दाणेदार, चकचकीत. चकचकीत भाग त्या दिवशी तुटला. काळपट भागात चीर कितीतरी दिवस सरकत होती आणि गाडी मस्त चालतेय म्हणून मालक खूश होता. हा तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अभ्यास वाढवायला तुम्हाला बघायचा असेल तर या.

रेशोबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत निकाल लावलाय, 'टाका, पॉवर मिळते'. हे इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातलं, एमजीए आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची इंजिनंही याच घराण्यातली, म्हणूनच एमजीवाल्यांसाठी परदेशात बनणारे सेट आपल्याकडे लोक मागवतात. ओरिजिनल रेशो साधारण १.४३. कॅमची लिफ्ट (उचल) उदाहरणाला ६.३५ मिमी धरली तर वॉल्व्ह ९.०८ मिमी उघडतो, १.५५ ने ९.८४. पाऊण मिलिमीटर जास्त. ते वापरायला पोर्ट (हेडमधली हवेची वाट) तेवढी हवा घेतं का? ३६ मिमीचा वॉल्व्ह असेल तर ९ मिमी लिफ्टलाच त्याच्या कडेभोवतीची वाट वॉल्व्हच्या तोंडाएवढी झालेली असते, त्यापुढे पोर्टवर काम केलेलं नसेल तर नुसती लिफ्ट वाढवून हातात फार काही पडत नाही. स्प्रिंग मात्र जास्त दाबली जाते, आणि पुशरॉड, टॅपेट, कॅम यांच्यावरचा भार नक्की वाढतो. चपट्या टॅपेटच्या जुन्या इंजिनाला झिंकवालं तेल लागतं आणि आताच्या बऱ्याच पेट्रोल तेलात ते कमी केलंय, म्हणजे कॅमची आधीच परीक्षा चालू आहे आणि तुम्ही वरून भार वाढवताय.

आणि फेस मारलेल्या (खालून घासून पातळ केलेल्या) हेडवर तुम्ही १.५५ टाका म्हणता तेव्हा पिस्टनपासूनचं अंतर कोण मोजणार? फुल लिफ्टला नाही मोजायचं, धोका टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या, आसपास असतो, एक्झॉस्ट बंद होता होता आणि इनटेक उघडता उघडता. पिस्टनवर मुलांच्या क्लेची पट्टी लावायची, तिला जरा तेल, जुनं गॅस्केट घालून हेड नीट आवळायचं, टॅपेट सेट करायचे, क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा, हेड काढून क्ले ब्लेडने कापायची आणि सगळ्यात पातळ जागा मोजायची. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हवेत. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायच्या आधी दीड मिमी तरी शिल्लक हवा. हेडला फेस मारला की पुशरॉड आपोआप लांब पडतो, सीट (वॉल्व्ह टेकतो ती कड) कापून कापून वॉल्व्हचं टोक वर आलेलं असतं आणि शाफ्ट तिथेच राहतो, मग शाफ्ट धरणाऱ्या स्टँडखाली शिम (पातळ पत्रा) घालावी लागते, आणि ज्या स्टँडमधून तेल वर येतं त्याच्या शिमला भोक पाडायचं राहिलं तर सगळे रॉकर कोरडे. स्टँडचे काही नट हेडचेच असतात म्हणून पाणी काढून, सगळे नट क्रमाने ढिले केल्याशिवाय शाफ्टला हात लावायचा नाही. हे सगळं लेखात होतं. तुम्ही वाचलं नाही की वाचून सोडून दिलं, ते तुम्हीच सांगा.

डायनोचं काय घेऊन बसलात. तो लेख पॉवर किती वाढली यावर नव्हताच, तुटणार नाही असा रॉकर कसा निवडायचा यावर होता. बाकीच्या टोमण्यांना उत्तर देत नाही.

तुमच्या बोलण्यावरून तुमच्या गाडीत १.५५ चा अ‍ॅल्युमिनियम सेट बसवलेला दिसतो. मग एक काम करा, कव्हर काढा, वॉल्व्हच्या टोकांना मार्करने काळं करा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि रोलरने पुसलेला पट्टा कुठे पडतोय, मधे की कडेला, त्याचा आठही वॉल्व्हचा फोटो इथे टाका. उजेडात काढा. मग पुढचं बोलू.