‘गाईड एकेरीत ओरडला’ या तक्रारीवर मालकाचे उत्तर

नमस्कार सर,

आपण चौघे मित्र रविवारी आमच्याकडे कयाकिंगला (छोट्या बोटीतून नदीत वल्हवायला) आलात आणि एक स्टार देऊन गेलात. सुरुवात पाऊण तास उशिरा झाली हे खरं आहे, त्याबद्दल माफी मागतो. शेवटच्या रॅपिडला, म्हणजे खळाळत्या वेगवान पाण्याच्या टप्प्याला, बोटी खांद्यावर घेऊन काठाने चालावं लागलं, म्हणून हिरमोड झाला, तेही समजतं. रात्रीच्या पावसाने पाणी चढलं होतं. ग्रेड जितकी वरची तितका रॅपिड अवघड, आणि एरवी दुसऱ्या ग्रेडचा तो टप्पा त्या दिवशी तिसऱ्यात गेला होता. नवख्या माणसांना मी तिथे उतरवणार नाही, कोणी कितीही नाराज झालं तरी.

पण "गाईडने आमच्या मित्राचा सगळ्यांसमोर एकेरीत अपमान केला" हे वाक्य मला फार लागलं. म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या मित्राची कयाक दुसऱ्या रॅपिडमध्ये उलटली. न घाबरता त्यांनी स्प्रे स्कर्टचा (बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावलेल्या आवरणाचा) पट्टा ओढला आणि बाहेर आले. छान केलं. पुढे पाणी कमरेएवढंच होतं. पायाला दगड लागले तसे ते उभे राहायला लागले. सर, ही चूक जिवावर बेतते. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं, मागून धार पाठीला रेटते, माणूस तोंडावर पडतो आणि कमरेएवढ्या पाण्यातही डोकं वर काढता येत नाही. पट्टीचा पोहणारा असो, अंगात लाइफ जॅकेट असो, काही चालत नाही. म्हणून पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, पावलं पाण्याच्या वर. सकाळी एकेकाला जमिनीवर आडवं करून हे करून घेतलं होतं. आपले मित्र तेव्हा व्हिडिओ काढत होते. मोबाइल ठेवा, असं दोनदा सांगितलं होतं.

गाईडने आधी शिट्टीच वाजवली. मित्र हसून हात हलवत राहिले. त्या खळाळात दहा फुटांवरचं ऐकू येत नाही. तेव्हा तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "झोप! पाय वर घे!" त्यात अहो-जाहो राहिलं नाही, हे कबूल. लगेच थ्रो बॅग (दोर भरलेली पिशवी) टाकून त्यानेच त्यांना काठाला ओढलं. दोराने त्याच्या तळहाताची साल निघाली होती, मला ते संध्याकाळी दिसलं. नंतर दोन शब्द गोड बोलायला हवे होते असं वाटत असेल, तर त्याच्या वतीने मी दिलगीर आहे.

पहिला रॅपिड पार झाल्यावर चौघांनी वल्ही उंचावून आरोळी ठोकलीत, ती मी काठावरून ऐकली. त्या आनंदाबद्दल रिव्ह्यूमध्ये एक ओळही नाही. अकरा वर्षं हे काम करतोय. वर्षातून तीन-चार महिनेच पाणी असतं, त्यावर पाच घरं चालतात आणि लोक हल्ली रिव्ह्यू वाचूनच येतात.

वेळेचं आम्ही नक्की बघू, सूचना देण्याच्या पद्धतीतही काही बदल करू. जमलं तर ‘अपमान’ एवढा शब्द तरी बदलावा, ही विनंती. तो मुलगा तेव्हापासून ग्राहकांशी मोकळेपणाने बोलत नाहीये.