कागदावर बापाची दोन नावं निघाली, म्हणून पणजीवर ठपका ठेवू नका

जात पडताळणीला वंशावळ लागते, वाटणीच्या दाव्यात लागते, आणि कुणाला नुसतीच आपल्या घराण्याची ओढ असते. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, त्यामुळे साध्या कास्तकाराच्या घरातही आता आजोबा-पणजोबांची कागदं बाहेर निघतात. नेमक्या याच लोकांच्या फोनवर सध्या एक मजकूर येऊन पडतो आहे. "खापरपणजोबाचा खरा बाप कोण, घरबसल्या ओळखा" ही त्याची सुरुवात. पुढे ठासून सांगितलंय ते असं: १८८० चा सातबारा काढा. त्यावर 'वल्द' (म्हणजे 'अमक्याचा मुलगा') च्या पुढे जे नाव असेल तोच जन्मदाता बाप. कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली) जन्मनोंद अखेरची. दोन कागदांत बापाची नावं वेगळी निघाली, तर समजा पूर्वज 'घराबाहेरचा' होता. तरीही शंका असेल तर डीएनए तपासणी सगळं सांगते.

मी लोकांना जुनी कागदं वाचून देतो, मोडीतलीही आणि बाळबोधीतलीही. हा मजकूर दाखवत, मान खाली घालून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. एका घरी तर चुलत्या-पुतण्यांचं बोलणं बंद झालं. म्हणून एकेक गोष्ट घेऊन उत्तर देतो.

१८८० चा सातबारा विदर्भात सापडणार नाही, कारण तो नव्हताच. सातबारा हा मुंबईकडच्या पद्धतीचा नमुना. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर, आणि इथल्या पटवाऱ्याच्या दप्तराची घडणच निराळी होती. म्हणून आपल्याकडे जुना पुरावा म्हणून १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीवरच्या हक्कांची नोंद, काढतात. त्याच्या मागे जायचं तर पहिला प्रश्न हा, की गाव वऱ्हाडातलं की नागपूरकडचं?

अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम हा वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. तिथे १८६० नंतर रयतवारी मोजणी झाली आणि खातं थेट कास्तकाराच्या नावावर चढलं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा भोसल्यांचा मुलूख खालसा झाला आणि तिथे मालगुजारी बसली. मालगुजारी गावात मालक मालगुजार, आणि तुमचा-माझा पणजोबा बहुतेक वेळा कूळ. १९५१ मध्ये मालगुजारी गेली तोवर हे असंच होतं. अशा गावातल्या माणसानं मालकाच्या रकान्यात पणजोबाचं नाव शोधलं तर मिळणार कसं? मिसल बंदोबस्त (बंदोबस्ताच्या वेळचं गावचं दप्तर) उघडा, कुळांची जमाबंदी (कोणाचा किती सारा ती यादी) बघा, खसरा (शेतवार नोंद) बघा. "मालकात नाव नाही, म्हणजे आमचा बुढा या गावचाच नव्हता" असं म्हणून परत गेलेल्या लोकांनी ही यादी उघडलेलीच नसते.

'वल्द' च्या पुढचं नाव म्हणजे जन्मदाता, हेही तसंच. पटवाऱ्याला सारा कोण भरणार आणि कोणाच्या मागे कोणाचं नाव लागणार, एवढं हवं होतं. पोर कोणाच्या पोटचं, हे विचारायचं त्याला कारण नव्हतं. गावात माणूस ज्याच्या नावानं ओळखला जाई, ते नाव कागदावर आलं. दत्तक गेलेल्या मुलाच्या पुढे दत्तक घेणाऱ्याचं नाव लागलं, ते रीतसरच होतं. त्या काळी कास्तकाराच्या घरचं दत्तकविधान बहुधा चार माणसांपुढे, पंगत घालून व्हायचं. नोंदवलेला दस्त असेलच असं नाही. बहिणीचा मुलगा दत्तक घेणं कुणबी-माळ्यांत चालत होतं, त्यामुळे मामाचं नाव बापाच्या जागी दिसलं तर दचकू नका. दत्तक परगावचा असेल तर जन्मदात्याचं नाव त्या गावच्या दप्तरात बहुधा मिळणार नाही. ते जन्मगावच्या दप्तरात असेल.

आता कोतवाल बुक. हा कागद मोलाचा आहे यात वाद नाही, पण तो कसा लिहिला जाई हे बघून मग त्याच्यावर विसंबा. पान उघडलं की तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. कित्येक ठिकाणी आईचं नाव नाही, आडनाव नाही. लेकराचं नाव तर बहुधा नसतंच, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं असायचं. म्हणजे हाती येतं एवढंच, की अमक्या कुणब्याला या तारखेला मुलगा झाला. त्याला चार मुलं झाली असतील, त्यातली दोन वर्षाच्या आत गेली असतील, तर ही नोंद तुमच्या पणजोबाची की त्याच्या मेलेल्या भावाची? म्हणून जन्माचं पान सापडलं की पुढच्या दोन-तीन वर्षांची मृत्यूची पानंही चाळावीच. त्याच बापाच्या नावापुढे तान्ह्या मुलाचा मृत्यू दिसला, तर जन्मतारीख ठरवायची घाई नको. कोतवाल बहुधा निरक्षर. त्याच्या तोंडून ऐकून पटवारी, मास्तर किंवा ठाण्यातला मोहरीर (कारकून) लिहायचा. बोललेलं आणि लिहिलेलं यांत 'गणू' चा 'गणपत' व्हायला वेळ लागत नसे.

आणि मजकूर लिहिणाऱ्याला कदाचित सुचलंच नसेल असं एक: पहिलं बाळंतपण माहेरी. बाई सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी गेली, तिथे लेकरू झालं, नोंद त्या गावच्या कोतवालानं केली. वंशज शोधतात बापाच्या गावच्या बुकात. तिथे काही नाही. मग "नोंद नाही, म्हणजे त्याचा मुलगा नाही" असं ठरवून टाकतात. थोरल्या मुलाची नोंद शोधायची तर आधी पणजीचं माहेर कोणतं ते विचारा. लोक पणजोबाच्या सात पिढ्या सांगतात, पण पणजीचं माहेर घरात कोणाला ठाऊक नसतं. ते शोधण्यातच निम्मं काम होतं.

आता मजकुरातली चौथी ओळ. याच ओळीमुळे मी लिहायला बसलो. दोन कागदांत बापाची दोन नावं, म्हणून पूर्वज 'घराबाहेरचा'. म्हणजे दोष कोणाचा? शंभर वर्षांपूर्वी मरून गेलेल्या, एकही कागद स्वतः न लिहिलेल्या बाईचा. ही ओळ खोटी आहे आणि ती पुढे पाठवणं हा अन्याय आहे.

त्या काळात लेकराला दुसऱ्या बापाचं नाव का लागे, याची कारणं डोळ्यांपुढे आणा. १८९६-९७ चा दुष्काळ, लगेच १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ. मग १९१८ च्या पावसाळ्यानंतर मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडात त्या तापानं घेतलेले बळी देशात सर्वांत जास्त असलेल्या भागांत मोजले जातात. तरणीताठी माणसं सर्वांत जास्त गेली. मागे राहिल्या विशी-बाविशीतल्या विधवा आणि त्यांच्या कडेवरची लेकरं. कुणबी, माळी, तेली आणि अशा कितीतरी जातींत विधवेचा पाट (पुनर्विवाह) लागत होता, पंचांसमोर, उघड. तिनं दुसरं घर केलं, लेकरू सोबत नेलं, आणि त्या गावात ते लेकरू दुसऱ्या बापाच्या नावानं वाढलं. यात लपवण्यासारखं काय आहे?

दारव्हा तालुक्यातल्या एका घराची कागदं माझ्यापुढे आली होती. गाव आणि नावं सांगत नाही. आजोबाचं नाव सगळीकडे तेच, पण बापाच्या जागी तीन नावं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात एक, १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात दुसरं, आणि घरात तोंडी सांगत ते तिसरंच. मजकूर वाचून घरातल्या पोरांनी पणजीचा फोटो भिंतीवरून काढून ठेवला होता.

गाठ सुटली ती चौथ्या कागदानं. तोंडी सांगितलेल्या नावाचा माणूस १९१८ च्या कार्तिकात वारला, कारणाच्या रकान्यात 'ताप'. त्याच्या नावावर थोडंसं वावर होतं. पुढच्या साली ते खातं बदललं आणि तिथे पटवाऱ्यानं लिहिलंय: वारस मुलगा, अज्ञान (म्हणजे अल्पवयीन), वय सात, पालन करणार आई. त्याच्या दोन वर्षांनंतरच्या कागदात आईचं नाव गेलं आणि पालनकर्ता म्हणून चुलता आला. वावर मात्र मुलाच्याच नावावर राहिलं. आई का गेली? तिनं पाट लावला म्हणून. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यात कलम २ होतं, त्यानं पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपत असे. कलम ३ नं वारलेल्या नवऱ्याकडच्या नातेवाइकांना लेकराचं पालकत्व दुसऱ्याकडे देण्यासाठी कोर्टात अर्ज करता येई. म्हणजे त्या बाईनं दुसरं घर करताना पहिल्या घरच्या वावरावर पाणी सोडलं. लेकरू मात्र सोडलं नाही. दाखल-खारीजमध्ये आलेलं नाव तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं, कारण त्यानं बोट धरून पोराला शाळेत नेलं. आणि अधिकार अभिलेखातलं नाव मामाचं. मामाला मूल नव्हतं, त्यानं भाच्याला दत्तक घेऊन आपलं वावर दिलं.

तीन नावं, तिन्ही खरी. एकानं जन्म दिला, एकानं वाढवलं, एकानं जमीन दिली. हे वाचून दाखवलं तेव्हा त्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाई एवढंच बोलल्या, "मंग माह्या सासूनं केलं तरी का वाईट?" फोटो त्याच दिवशी परत लागला.

कायदाही मजकुराच्या बाजूनं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ असं होतं (आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे), की लग्न टिकून असताना, किंवा नवरा वारल्यानंतर बाईनं दुसरं लग्न न करता २८० दिवसांच्या आत झालेलं मूल त्याच नवऱ्याचं मानायचं. त्या काळात नवरा-बायकोची भेटच शक्य नव्हती हे सिद्ध झालं, तरच वेगळा विचार. शंभर वर्षांनंतर हे कोण सिद्ध करणार? फेरफार नोंदीनं (खातं बदलल्याच्या नोंदीनं) मालकीसुद्धा शेवटची ठरत नाही, ती महसुलासाठी असते हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. त्याच नोंदीवरून एखाद्या बाईचं चारित्र्य कसं ठरेल?

डीएनएचं थोडक्यात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाची तपासणी होत नाही, आजच्या वंशजांची होते. पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा दोन घरांत जुळतो का, एवढं वाय तपासणीतून कळतं. त्यासाठी दोन्ही घरांतली अखंड मुलांची वंशरेषा आज हयात हवी. जुळला तरी बाप की चुलता हे सांगता येत नाही, कारण सख्ख्या भावांचा वाय एकच. वरच्या घरात ही तपासणी केली असती, तर दुसऱ्या नवऱ्याशी आणि मामाशी धागा जुळला नसता, आणि पोरांनी नको तोच अर्थ काढला असता.

काही जण विचारतात, भाटाची (घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्याची) वही तरी धरायची का? आधाराला धरा. यजमानानं जे सांगितलं ते भाटानं लिहिलं, म्हणून दुसऱ्या कागदाशी जुळवून बघा. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांचं तसंच, पण तिथे स्वतः गेलेल्या माणसानं आपल्या हातानं किंवा तोंडानं नावं दिलेली असतात, आणि पिंडदानाला जाणारा माणूस बापाचं नाव सांगताना विचार करतो. मला त्या वह्यांचा भरवसा अधिक वाटतो.

वंशावळ लिहिताना नावं दोन असतील तर दोन्ही लिहा, एक खोडू नका. जन्मदाता, सांभाळणारा, दत्तक घेणारा, ज्याच्या त्याच्या पुढे कोणता कागद आणि कोणतं साल. नाव का बदललं ते प्रतिज्ञापत्रात दोन ओळींत स्पष्ट सांगा. कागदांत फरक आहे आणि त्याबद्दल तुम्ही काहीच बोलत नाही, याचा संशय जास्त येतो.

आणि घरात नव्वदीची आत्या, आजी, मोठी माय कोणी असेल, तर आजच तिच्याजवळ बसून तिचं बोलणं तारीख घालून लिहून घ्या, जमलं तर फोनवर ध्वनिमुद्रित करा. नात्याविषयी मृत माणसानं केलेलं विधान पुरावा म्हणून चालतं, पूर्वीच्या कायद्यात कलम ३२(५) आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमातही. पण अट अशी, की त्या माणसाला ते नातं जवळून ठाऊक असावं, आणि विधान वाद उभा राहायच्या आधीचं असावं. नोटीस आल्यानंतर सांगितलेल्याला ते वजन राहत नाही.