रिकाम्या गव्हाणीकडे पाहावे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कुरणातल्या घोड्यांसाठी गव्हाण कशी निवडावी, या माझ्या लेखावरचा आपला आक्षेप थोडक्यात असा: गुरांची गोल लोखंडी गव्हाण आणि गवत भरून टांगायची जाळी यांना मी उगाच धोकादायक ठरवले, आपले घोडे वर्षानुवर्षे तशाच गव्हाणीत खातात आणि एकालाही ओरखडा आलेला नाही, शिवाय जमिनीवर गवत टाकणे हेच नैसर्गिक असताना एवढा खटाटोप कशासाठी?

आपल्या अनुभवावर मी शंका घेत नाही. मात्र भरलेल्या गव्हाणीपाशी घोडे शांतपणे खात असताना ती कोणतीही असो, सुरक्षितच वाटते. ती पारखायची गवत संपत आल्यावर, म्हणजे तळाशी उरलेल्या काड्यांसाठी घोडा मान आत खुपसतो आणि नेमका त्याच वेळी कळपातला वरचढ घोडा कान पाडून मागून येतो, तेव्हा. दचकलेला घोडा मागे सरण्याआधी डोके वर झटकतो आणि गोल गव्हाणीची वरची आडवी नळी थेट त्याच्या मानेवर बसते. म्हणून मी वरून मोकळी, उभ्या दांड्यांची गव्हाण सुचवली होती. तिच्या खालच्या भागातल्या फटी एक तर खूर शिरणारच नाही इतक्या अरुंद हव्यात, नाही तर शिरलेला पाय सहज निघेल इतक्या रुंद. मधले माप सर्वांत वाईट.

जाळीबाबत आपले निम्मे म्हणणे मला मान्य आहे. ‘जाळी छातीच्या उंचीवर बांधावी’ एवढेच लिहून मी थांबलो, ही चूक माझीच. सकाळी छातीपाशी असलेली भरगच्च जाळी रिकामी झाली की गुडघ्यापर्यंत लोंबते. घोडा पुढच्या पायाने उकरू लागतो आणि नालेचे मागचे टोक व टाच यांच्यामधल्या फटीत दोर अडकतो. फार उंच बांधली तर धूळ डोळ्यांत आणि नाकात जाते. त्यामुळे नाल ठोकलेल्या घोड्यांना मी कुरणात जाळी देत नाही, कडा गोलसर केलेली उघडी पेटी ठेवतो. नाल नसलेल्यांसाठी तिच्यातच बारीक विणीची जाळी घट्ट ताणून बसवली तर खाणे सावकाश होते आणि पोट फार वेळ रिकामे राहत नाही.

जमिनीवर मान खाली घालून खाणे श्वसनमार्गाला हितकारक असते, हे आपण अगदी बरोबर लिहिले आहे. पण वाळूच्या जमिनीवर तेच गवत आतड्यात वाळू साठवते आणि पोटशूळ उठतो. नासाडीचेही पाहा: मिनेसोटा विद्यापीठाच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोल गठ्ठ्यांचे गवत गव्हाणीशिवाय ५७ टक्के वाया गेले, तर निरनिराळ्या गव्हाणींत ५ ते ३३ टक्के. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला सुमारे दहा किलो वैरण लागते, हे धरून हिशेब आपणच करावा. हिरवळ टिकलेल्या कोरड्या जागी मीही लहान ढीग टाकतो, घोड्यांपेक्षा एक जास्त आणि एकमेकांपासून निदान दोन घोड्यांच्या लांबीइतके दूर, म्हणजे दुबळ्याला हुसकावले तरी तोंड घालायला जागा उरते.

आपली एक घोडी गाभण असल्याचे आपण शेवटी लिहिले आहे. शिंगरू अशा गोल गव्हाणीच्या दांड्यांमधून आत शिरू शकते, आणि आईने हाक मारली की बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही. बाकीचे आपल्याला पटो न पटो, घोडी विण्यापूर्वी ती गव्हाण त्या कुरणातून हलवावी, एवढी विनंती आहे.